बादलीतली मुळं पुन्हा पुन्हा सडतात तेव्हा

रोपाने भर दुपारी मान टाकलेली आणि खाली बादलीत पंधरा लिटर पाणी. हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय खतपाण्यात रोपं वाढवणं, करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ एकदा तरी येते, काहींवर दर हंगामात. माझ्या टोमॅटोच्या आणि ढोबळी मिरचीच्या बादल्यांनी मला हे इतक्यांदा दाखवलंय, आणि ओळखीच्यांच्या बादल्यांची झाकणं मी इतक्यांदा उचललीत, की आता तपासणीचा क्रम हाताला पाठ झालाय. तो इथे लिहून ठेवतोय. बादली म्हणजे साधी, वीसेक लिटरची: झाकणात जाळीचं कुंडं, त्यात मातीच्या भाजलेल्या गोळ्या, खाली खतपाणी आणि त्यात पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन.

लक्षणं

सगळी एकदम दिसत नाहीत. साधारण या क्रमाने येतात:

- पाण्याची पातळी खाली जायची थांबते. फळं धरलेलं टोमॅटोचं झाड दिवसाला दोनेक लिटर सहज पितं. काल प्यायलं आणि आज थेंबभरही नाही, तर पानं हिरवीगार असली तरी गडबड सुरू झालेली आहे.
- उन्हाच्या किंवा दिव्याच्या वेळी पानं लोंबतात, रात्री पुन्हा उभी राहतात. दोन-चार दिवसांनी रात्रीही उभी राहत नाहीत.
- खालची पानं पिवळी पडतात, नव्या पानांच्या कडा करपतात. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडू लागतं.
- पीएच, म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचा आकडा, काही न घालता घसरतो, किंवा सकाळी एक आणि संध्याकाळी भलताच.
- झाकण उचललं की वास येतो. निरोगी बादलीला पावसानंतरच्या ओल्या मातीसारखा हलका वास असतो, नाहीतर काहीच नसतो. सडलेल्या बादलीला साचलेल्या गटाराचा येतो.
- मुळं तपकिरी आणि गिळगिळीत होतात, एकमेकांना चिकटून त्यांची जट बनते.

पहिलं लक्षण बहुतेकांच्या नजरेतून सुटतं, कारण पातळी कुणी मोजतच नाही. बादलीच्या बाहेरून मार्करने रोज एक रेघ मारा आणि शेजारी तारीख टाका. हे फुकटातलं यंत्र पानांच्या आधी तीन-चार दिवस बोलतं.

आधी खात्री करा की हे सडणंच आहे

तपकिरी मूळ म्हणजे सडलेलं मूळ नव्हे. गडद रंगाचं खत वापरलं किंवा रोप नारळाच्या भुश्शात वाढवून आणलेलं असलं, तरी मुळांना चहासारखा रंग चढतो. त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका, बोटं वापरा. हात स्वच्छ धुऊन एक मूळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि हलकेच खाली ओढा. निरोगी मूळ रंगलेलं असलं तरी ताठ लागतं, ओढल्यावर जसंच्या तसं राहतं. सडलेल्या मुळाची साल पायमोजा निघावा तशी बोटांत येते आणि मागे दोऱ्यासारखी बारीक शीर तेवढी लोंबत राहते. ही शीर एकदा पाहिली की पुन्हा कधी शंका येत नाही.

साल सुटली नाही, वास नाही, मुळांची टोकं पांढरी आहेत? मग दुखणं दुसरं आहे. खत कडक झालं असेल किंवा पीएच बिघडला असेल. खाली मीटरचा भाग आहे, थेट तिकडे जा.

पहिली तपासणी: हवा

इथेच मी सगळ्यात जास्त थांबतो, कारण दहातल्या सहा-सात बादल्यांचं कोडं माझ्यापुरतं इथेच सुटलंय. मूळ पाणी शोषतं ते श्वास घेऊन. पाण्यातला प्राणवायू कमी पडला की मुळाच्या पेशींना काम करायला बळ राहत नाही, आणि रोप पाण्यात उभं राहून तहानेलं राहतं. जे सडवतं ते, बहुतेक वेळा पिथियम नावाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव, मागाहून येतं. त्याचे बीजाणू थोड्याफार प्रमाणात कुठेही असतात. धडधाकट मुळावर त्यांचं फारसं चालत नाही, गुदमरलेल्या मुळावर मात्र ते तुटून पडतात. म्हणून औषधाची बाटली उघडण्याआधी बुडबुडे बघा.

पंप गुणगुणतोय म्हणजे हवा येतेय असं धरून चालू नका. हा घोळ मी स्वतः घातलाय: पंपाचा आवाज रोज ऐकत होतो, आणि झाकण उचललं तेव्हा एका कोपऱ्यातून मिनिटाला चार बुडबुडे. क्रमाने असं तपासा:

स्टोन नळीतून काढा आणि नुसती नळी पाण्यात धरा. आता हवा जोरात आली तर स्टोन क्षारांनी बुजलाय. तो व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. तरी सुधारला नाही तर फेका. स्टोन ही झिजणारी वस्तू आहे, तिच्यावर जीव लावू नये.

नळीतूनही हवा मंद आली तर नळी कुठे मुडपलीय का, झाकणाच्या भोकात दाबली गेलीय का ते बघा. मध्ये पाणी उलटं येऊ न देणारी झडप असेल तर ती काढून पुन्हा पाहा. या झडपा कालांतराने चिकटतात, आणि कधी कधी उलट्या लावलेल्याही असतात.

हेही ठीक निघालं तर पंप. त्याच्या तळाशी फेल्टचा किंवा स्पंजचा छोटा तुकडा असतो, तो धुळीने काळा झालेला असतो. तो धुऊनही जोर येत नसेल तर आतला रबरी पडदा सैल झालाय किंवा फाटलाय. बऱ्याच पंपांचा पडदा सुटा मिळतो, बदलायला दहा मिनिटं लागतात. पंपाची वायर आधी प्लगमधून काढा, हे सांगायला नको, पण सांगतो.

किती हवा पुरे? माझा अंदाज असा: दर चार लिटर पाण्याला मिनिटाला निदान एक लिटर. पंधरा लिटरच्या बादलीला मिनिटाला चार लिटरचा पंप हवा, आणि त्याच पंपावर चार बादल्या टांगल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला पाव हिस्सा येतो. पाण्याचा पृष्ठभाग उकळी फुटल्यासारखा सतत हलायला हवा, कारण हवेची बरीचशी देवघेव तिथेच होते.

आणि पंप कुठे ठेवलाय ते बघा. तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर असावा. वीज गेली की पाणी नळीतून उलटं चढून पंपात शिरतं. माझा एक पंप याच कारणाने गेला, आणि परत वीज आली तेव्हा त्या सॉकेटजवळ मी ओल्या हातांनी उभा होतो. तो प्रसंग अजून आठवतो. शिवाय पंप आजूबाजूची हवा ओढतो. बंद कपाटात किंवा तापलेल्या भिंतीशी ठेवलात तर चोवीस तास गरम हवा पाण्यात फुंकत राहाल.

दुसरी: पाण्याचं तापमान

साधा थर्मामीटर, दुपारी, पाण्यात बुडवून. खोलीचं तापमान मोजून अंदाज बांधू नका. दिव्याखालची काळी बादली खोलीपेक्षा चार अंश गरम असू शकते.

२० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना हा आकडा साडेसातवर येतो. फरक थोडा वाटतो, पण त्याच दहा अंशांत मुळांची श्वासाची गरज साधारण दुप्पट होते. आवक घटली आणि खर्च दुप्पट झाला. त्यात पिथियमच्या काही जातींना कोमट पाणी फार मानवतं. १८ ते २२ अंश उत्तम, २४ पर्यंत निभावतं, २६ च्या वर मी बादलीवर भरवसा ठेवत नाही.

उतारा स्वस्तातून सुरू करा. बादलीला बाहेरून पांढरं किंवा चंदेरी आवरण. बादली जमिनीवर न ठेवता चार बोटं उंच. पंप गार जागी. मग गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. अर्ध्या लिटरची एक बाटली पंधरा लिटर पाणी ३० वरून साधारण साडेसव्वीसवर आणते, त्याहून जास्त नाही, आणि काही तासांत पाणी पुन्हा तापतं. म्हणजे चार दिवसांच्या उन्हाच्या लाटेला बाटल्या ठीक, अख्ख्या हंगामाला नाहीत. बर्फ थेट पाण्यात टाकू नका, खत पातळ होतं.

तिसरी: उजेड

खोलीत अंधार करा, टॉर्च पेटवून झाकणाखाली धरा आणि बाहेरून बघा. जिथून प्रकाश झिरपतो तिथून दिवसा आतही शिरतो. खतपाणी आणि उजेड एकत्र आले की शेवाळ धरणारच. शेवाळ स्वतः मुळं सडवत नाही, पण रात्री तेही प्राणवायू खातं आणि मेलं की सडणाऱ्या जिवांना चारा होतं. पांढरी बादली आतून चमकत असेल तर आधी काळा थर आणि वरून पांढरा. जाळीच्या कुंड्याभोवतीची फट लोक विसरतात. तिथे काळ्या फोमची चकती घाला.

चौथी: पातळी

रोप लहान असताना पाणी कुंड्याच्या बुडाला लागलं तरी चालतं. मुळं खाली उतरली की कुंडं आणि पाणी यांत चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. या पट्ट्यात केसाळ मुळं फुटतात, ती थेट हवेतून श्वास घेतात. पंप बंद पडला तर रोपाला काही तास तीच तारतात. काळजीपोटी बादली गळ्यापर्यंत भरणं म्हणजे हीच मुळं बुडवणं. मी पाहिलेल्या बिघडलेल्या बादल्यांत अशा लाडाने बुडवलेल्या बऱ्याच होत्या.

पाचवी: मीटर, आणि मग खतपाणी

पीएच ५.५ ते ६.५ च्या मध्ये हवा. पण हा आकडा दाखवणाऱ्या मीटरवर विश्वास ठेवण्याआधी तो ४ आणि ७ च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच ठरलेला असलेल्या द्रावणात, तपासून घ्या. पीएचचा कांडा कोरडा पडू देऊ नका आणि डिस्टिल्ड पाण्यातही बुडवून ठेवू नका; त्याला त्याचंच साठवणीचं द्रावण लागतं. मीटर खोटं बोलत असताना महिनाभर ॲसिड ओतत राहिलेले लोक मला माहीत आहेत. त्यांत मीही आहे.

ईसी, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, ज्यावरून खत किती कडक आहे ते कळतं, वाचताना नुसता आकडा पाहू नका, मार्करच्या रेघेशी जोडून पाहा. पातळी उतरली आणि ईसी चढला: रोप पाणी पितंय, खत नको म्हणतंय, द्रावण पातळ करा. पातळी उतरली आणि ईसीही उतरला: खातंय-पितंय, खत थोडं वाढवा. पातळीही जागच्या जागी आणि ईसीही: मुळं काम करत नाहीत, चला पुढच्या पायरीला.

द्रावण शेवटचं पूर्ण कधी बदललं ते आठवत नसेल, तर उत्तर मिळालंच. दर दहा-बारा दिवसांनी सगळं ओतून नवं करा. वरून भर घालत राहिलं की नको असलेले क्षार साठतात आणि मेलेल्या मुळांचा गाळ तळाशी बसतो.

सहावी: सफाई आणि उपचार

हे मेहनतीचं काम आहे, म्हणून इतक्या उशिरा. वरची कारणं दुरुस्त न करता हे केलंत तर पंधरा दिवसांनी पुन्हा हेच करत बसाल.

रोप कुंड्यासकट उचला, मुळं स्वच्छ, गार पाण्याखाली धुवा. साल सुटलेली मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. ताठ आहेत ती तपकिरी असली तरी राहू द्या. जितकी मुळं गेली त्या मानाने वरचा भारही कमी करा: फळं काढा, काही पानं छाटा. फळं तोडताना जीव जातो, पण अर्ध्या मुळांवर पूर्ण झाड उभं राहत नाही.

बादली, स्टोन, नळी साध्या ब्लीचच्या द्रावणात अर्धा तास ठेवा. पाच टक्क्यांच्या आसपासचं घरगुती ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, नंतर तीन वेळा धुऊन कोरडं करा. आणि वर जे व्हिनेगर सांगितलं ते ब्लीचच्या जवळही आणू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. पीएच उतरवायचं ॲसिडही त्यातच आलं. मातीच्या गोळ्या सच्छिद्र असतात, त्यांच्या पोटातून रोग सहज निघत नाही. त्या उकळा, किंवा सरळ बदला.

नव्या बादलीत खत निम्म्या ताकदीचं. मग दोन वाटा आहेत आणि एकच निवडायची. एक, सगळं मारून टाकायचं: ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, लिटरला ३ मिलिलिटरच्या आसपास, काही दिवसांच्या अंतराने. ते पाणी आणि प्राणवायूत मोडतं, म्हणून टिकत नाही आणि पुन्हा घालावं लागतं. ३५ टक्क्यांचं मिळतं, ते घरात आणू नका, कातडी भाजते. दोन, चांगले जीव सोडायचे: ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलस, जे मुळांवर आधीच बस्तान मांडून पिथियमला जागा ठेवत नाहीत. मी एका संध्याकाळी घाबरून दोन्ही ओतलं होतं. पेरॉक्साइडने ट्रायकोडर्मा मारला, ट्रायकोडर्माच्या भुकटीने पेरॉक्साइड वाया घालवलं, आणि पिथियम तेवढं मजेत राहिलं.

साधी बुरशीनाशकं का चालत नाहीत असं बरेच जण विचारतात. पिथियम दिसतं बुरशीसारखं, पण ती खरी बुरशी नाही. ते ऊमायसीट गटातलं, तपकिरी शेवाळांच्या गोतावळ्यातलं. त्याचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यात पोहतात, त्यामुळे त्याला एका मुळावरून दुसऱ्यावर जायला बादलीइतकी सोयीची जागा नाही. बुरशीवरची कित्येक औषधं त्याला लागूच पडत नाहीत, आणि खाण्याच्या झाडाच्या मुळात अंदाजाने औषध ओतणं मला मान्य नाही.

तरी परत आलं तर

मग रोग कुठून येतोय ते शोधा. मातीतून उपटून धुऊन लावलेलं रोप. पाण्यात गळून पडलेली पानं. मातीच्या गोळ्यांवर घिरट्या घालणाऱ्या बारीक काळ्या माश्या. त्यांच्या अळ्या मुळं कुरतडतात आणि पिथियम इकडून तिकडे नेतात. एकाच कात्रीने सगळ्या बादल्यांत केलेली छाटणी. साठवणीच्या टाकीतलं पाणी घेत असाल तर एकदा टाकीत डोकावून बघा.

इथे थांबा

पाण्यात बोट घातल्यावर किंवा बादलीला हात लागल्यावर झिणझिणी आली, तर पुढे काहीही तपासू नका. प्लगलाही हात लावू नका, मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पंप, दिवे आणि पाणी एकत्र असलेल्या जागी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असायलाच हवा, आणि तो बसवणं हे आपलं काम नाही. आपल्या हातात एवढंच: प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ घेऊन मग वर चढावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता झोळाशी ठिबकेल.

पाणी गार करणारा चिलर गळायला लागला किंवा चालू असून गार करत नसेल, तर त्यातल्या गॅसचं काम मेकॅनिकचं.

पूर्ण सफाई दोनदा झाली, हवा-तापमान-उजेड सगळं ठीक, तरीही तीन आठवड्यांत मुळं सुटली, तर मुळांचा नमुना आणि बादलीत भरता त्या पाण्याची बाटली वनस्पतिरोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. फ्युझेरियम बुरशीसारखा वेगळाच रोगही असू शकतो, आणि त्याचे आणि पिथियमचे उपाय एक नाहीत. बादल्या नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतील तर दुसऱ्या फेरीची वाट न पाहता पहिल्यालाच तज्ज्ञ गाठा. तिथे एका बादलीचं पाणी तासाभरात सगळ्यांचं होतं.

आणि रोपाचं खोड बुडाशी तपकिरी, मऊ झालं असेल, नखाने दाबल्यावर आत जात असेल, तर सोडून द्या. ते वाचत नाही. पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको.

ज्यांचं खोड टणक आहे त्यांना पाच-सहा दिवस उजेड कमी द्या आणि रोज झाकण उघडून ढवळाढवळ करू नका. आधी मार्करची रेघ पुन्हा खाली सरकू लागते. मग आठवड्या-दहा दिवसांत, कुंड्याच्या जाळीतून, जुन्या तपकिरी मुळांच्या अगदी गळ्याशी, तांदळाच्या कणीएवढी पांढरी टोकं बाहेर येतात. ती दिसली की खत हळूहळू पूर्ण ताकदीवर न्या.